जाहिरातीखालचं नाव

काही वर्षं मी एका जिल्ह्याच्या गावी दैनिकाच्या जाहिरात विभागात काम केलं. टेबलावर दिवसभर यायचं ते ठरलेलं असायचं. दशक्रिया विधी, नावात बदल, हरवलेली गुणपत्रिका, जमीन घेण्याआधी वकिलाने दिलेली जाहीर नोटीस आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस. एके दिवशी दुपारी एक निवृत्त शिक्षक आले. वहीच्या दोन पानांवर सुवाच्य अक्षरात मजकूर लिहून आणला होता. नगरपालिकेच्या शाळेचं मैदान व्यापारी गाळ्यांसाठी देण्याचा ठराव सभेपुढे येणार होता आणि सरांचा त्याला विरोध होता. मैदान किती गुंठे, तिथे कोणत्या शाळांची मुलं खेळतात, गावात दुसरं मोकळं मैदान कुठे उरलंय, सगळं मुद्देसूद होतं. कुणाला शिवी नाही, कुणावर आरोप नाही.

"पाव पानाला किती पडतील?" त्यांनी विचारलं. मी कॉलम सेंटिमीटरचा हिशेब करून आकडा सांगितला. त्यांनी कापडी पिशवीतून पाकीट काढलं आणि नोटा दोनदा मोजून टेबलावर ठेवल्या. महिन्याच्या पेन्शनपेक्षा बरेच जास्त पैसे होते. मला काळजी वाटली म्हणून म्हटलं, "सर, खाली 'एक जागरूक नागरिक' टाकू या का? उगाच त्रास नको."

ते म्हणाले, "अरे, मग विरोध कुणी केला हे कळणार कसं? नाव टाक. पत्ताही टाक, गल्लीसकट."

जाहिरात छापली गेली नाही. मजकूर वादग्रस्त आहे, परत करा, असा संध्याकाळी वरून निरोप आला. पैसे परत द्यायला त्यांच्या घरी मीच गेलो. त्याच आठवड्यात आमच्या पहिल्या पानावर अर्धं पान भरून एका नेत्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. नेत्याचा मोठा फोटो, खाली टिकलीएवढे वीस-पंचवीस चेहरे आणि शेवटी 'शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार'. त्या अर्ध्या पानाचे पैसे खरोखर कुणाच्या खिशातून आले, हे मला आत बसूनसुद्धा कळलं नव्हतं.

स्वतःच्या पैशाने वर्तमानपत्रात राजकीय जाहिरात देणं बरं की वाईट, हा वाद निघाला की मला ही दोन माणसं आठवतात. नाव देणारे सर आणि नाव नसलेला मित्रपरिवार. बहुतेकांचा आक्षेप पैशावर असतो. ज्याच्याकडे पैसा त्याचा आवाज मोठा, हे लोकशाहीत चालणार नाही, असं म्हणतात. आक्षेप खोटा नाही. पण त्यावर 'पैसे देऊन मत छापूच नका' हा उपाय काढला, तर पहिला बळी सरांचाच जातो. पैसेवाल्याला इतर वाटा मोकळ्या असतात. तो पक्षाला देणगी देतो, वाहिनी विकत घेतो, संपादकाला जेवायला बोलावतो. सरांकडे पाव पानाच्या भाड्याखेरीज काही नसतं.

हे एका न्यायालयाने फार स्पष्ट शब्दांत सांगून ठेवलंय. २९ मार्च १९६० रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये एक पूर्ण पान जाहिरात आली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर अलाबामा राज्यात खटला भरला होता. त्यांच्या बचावासाठी आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या चळवळीसाठी निधी मागणारी ती जाहिरात होती. खर्च आला सुमारे ४,८०० डॉलर. मजकुरात चुका होत्या. किंग यांना सात वेळा अटक झाली असं लिहिलं होतं, प्रत्यक्षात ती चार वेळा झाली होती. विद्यार्थ्यांनी कोणतं गाणं म्हटलं तेही चुकलं होतं. माँटगोमेरी शहराचे पोलिसांचं खातं सांभाळणारे कमिशनर सलिव्हन यांचं नाव जाहिरातीत कुठेच नव्हतं, तरी त्यांनी बदनामीचा दावा लावला आणि अलाबामातल्या ज्युरीने त्यांना पाच लाख डॉलर देवविले. वर्तमानपत्राच्या साडेसहा लाख प्रतींपैकी अलाबामात जेमतेम चारशे गेल्या होत्या!

९ मार्च १९६४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल एकमताने फिरवला. सार्वजनिक अधिकाऱ्यावरच्या टीकेत चूक झाली म्हणून लगेच भरपाई मागता येणार नाही, ती चूक जाणूनबुजून किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता केली हे दाखवावं लागेल, हा त्या निकालाचा प्रसिद्ध भाग. मला त्यातला दुसरा, कमी बोलला जाणारा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. सलिव्हन यांच्या बाजूने म्हटलं गेलं होतं की ही पैसे देऊन छापलेली जाहिरात आहे, तिला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण कशाला? न्यायालयाने ते मानलं नाही. ज्यांच्या हाती स्वतःचं वर्तमानपत्र नाही त्यांना आपलं म्हणणं लोकांपर्यंत नेण्याची ही वाट आहे आणि ती बुजवली तर बोलण्याचा हक्क छापखान्याच्या मालकांपुरताच उरेल, असा त्या युक्तिवादाचा आशय होता.

याच जाहिरातीची दुसरी बाजूही सांगायला हवी. तिच्या तळाशी दक्षिणेतल्या काही धर्मोपदेशकांची नावं त्यांना न विचारताच घातली होती. त्यातल्या अलाबामाच्या चौघांवरही दावा झाला आणि जी जाहिरात आपण दिलीच नाही तिच्यापायी त्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. तेव्हा जाहिरातीखाली नाव हवं म्हणताना ते ज्याचं आहे त्याच्या संमतीने हवं, हेही आलंच. आपल्याकडच्या शुभेच्छांच्या पानांवरही किती जणांचे फोटो विचारून टाकलेले असतात, देव जाणे.

आता घरचा दाखला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघालं. ते निघावं म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. स्वतःचा पैसा दुसऱ्याच्या आवाजासाठी घालावा कसा, याचा याहून स्वच्छ नमुना मला माहीत नाही. देणारा कोण हे उघड, घेणारा कोण हे उघड, आणि महाराजांना त्या पाक्षिकात स्वतःचे फोटो नको होते. पण 'मूकनायक' निघतंय एवढं सांगणारी साधी जाहिरात 'केसरी'ने पैसे देऊनही छापली नाही. लोकमान्य तेव्हा हयात होते. शंभर वर्षांहून जास्त काळ लोटला तरी ही गोष्ट सांगितली जाते. ज्या समाजाला मराठी वर्तमानपत्रांत बातमीची जागा नव्हती, त्याला पैसे मोजून जाहिरातीचीही जागा मिळू नये, याची सल सहज जाणारी नाही.

वर्तमानपत्राला नकाराचा हक्क आहे, हे मला मान्य आहे. खोटी, द्वेष पसरवणारी, कुणाचं आयुष्य उद्ध्वस्त करणारी जाहिरात परत केलीच पाहिजे. माझा आक्षेप आमच्या त्या 'वादग्रस्त' या एका शब्दावर आहे. राजकीय मत वादग्रस्त नसेल तर ते छापायला पैसे कोण देईल? मजकुरातलं कोणतं वाक्य चूक आहे हे सरांना सांगितलं असतं, तर त्यांनी ते दुरुस्त करून दिलं असतं. ते कुणी सांगितलंच नाही. कारण चूक एकही वाक्य नव्हतं. गाळ्यांच्या कामात ज्यांना रस होता, त्यांची जाहिरात वर्षभर आमच्याकडे यायची.

श्रीमंताच्या जाहिरातीने काय होऊ शकतं तेही डोळ्यांआड करून चालणार नाही. एप्रिल १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावायला गेलेल्या एका तरुणीवर अमानुष हल्ला झाला. पोलिसांनी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं पकडली. ज्या पाच जणांवर पुढे ठपका आला ती चौदा ते सोळा वर्षांची होती. खटला उभा राहायचा होता. १ मे रोजी शहराच्या चार दैनिकांत डोनाल्ड ट्रम्प यांच्या सहीची पूर्ण पान जाहिरात झळकली. फाशीची शिक्षा परत आणा, पोलिसांना परत बळ द्या, अशी तिची हाक होती. खर्च तेव्हा ८५ हजार डॉलर सांगितला गेला. मुलांची नावं त्यात नव्हती, पण त्या दिवसांत शहरात एकच विषय होता आणि जाहिरात कुणाबद्दल आहे हे वाचणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. मुलांना शिक्षा झाल्या, वर्षानुवर्षं तुरुंगात गेली. २००२ मध्ये खऱ्या गुन्हेगाराने कबुली दिली, डीएनए जुळला आणि पाचही जणांच्या शिक्षा रद्द झाल्या. २०१४ मध्ये शहराने त्यांना ४ कोटी १० लाख डॉलर देऊन दावा मिटवला.

त्या मे महिन्यात त्या मुलांच्या आईबापांकडे उत्तराचं पान घ्यायला पैसे असणं शक्यच नव्हतं. मला या प्रकरणात सर्वांत जास्त बोचतं ते हेच. ज्या दैनिकांनी ती जाहिरात घेतली त्यांनी निदान शेजारच्या पानावर चार रकाने त्या घरांसाठी मोकळे ठेवायला हवे होते. आणि मुळात ज्याची सुनावणी व्हायचीय अशा माणसाला शिक्षा मागणारा मजकूर, कितीही पैसे आले तरी, वर्तमानपत्राने घेऊ नये. मत धोरणाबद्दल असावं, कोठडीत बसलेल्या माणसाबद्दल नसावं. तरीही एक गोष्ट नोंदवतो. ती जाहिरात सहीची होती, म्हणून तीस-पस्तीस वर्षांनी आजही तिचा जाब विचारला जातो. 'न्यूयॉर्कप्रेमी मित्रपरिवार' असं खाली असतं तर जाब कुणाला विचारला असता?

आपल्या कायद्याचं या बाबतीत काय चाललंय ते बघितलं तर मन उदास होतं. निवडणुकीत एखाद्या उमेदवाराच्या विजयासाठी त्याच्या लेखी परवानगीशिवाय सभा, पत्रक किंवा जाहिरात यांवर खर्च करणं हा गुन्हा आहे. दंड संहितेत ते कलम १९२० साली आलं, म्हणजे 'मूकनायक' निघालं त्याच वर्षी. त्यात एक सवलत ठेवलेली आहे. खर्च दहा रुपयांपर्यंत असेल आणि दहा दिवसांत उमेदवाराची लेखी मान्यता मिळवली, तर तो चालतो. तिच्या जागी २०२४ च्या जुलैपासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. नव्या संहितेच्या १७६व्या कलमात दंडाची कमाल पाचशेवरून दहा हजार रुपये झाली, पण सवलतीचे ते दहा रुपये दहाच राहिले. आज दहा रुपयांत एका चहाचे पैसे भागतात की नाही, शंका आहे.

त्या कलमामागचा हेतू वाईट नव्हता. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा घातली तर मित्रांच्या नावाने खर्च करून ती मोडू नये, एवढंच होतं. पण दुसऱ्या टोकाला काय झालं? ऑक्टोबर १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्या हिशेबात धरला पाहिजे. त्याच महिन्यात अध्यादेश काढून तो निकाल निष्प्रभ केला गेला. पक्षांच्या खर्चाला आजही मर्यादा नाही. २०१८ पासून पक्षांना देणगी देण्यासाठी निवडणूक रोखे आले. कोण कुणाला किती देतो हे मतदाराला कळू नये अशी त्यांची रचनाच होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले, तोवर सोळा हजार कोटी रुपयांहून जास्त रक्कम त्या वाटेने गेली होती. म्हणजे एका सामान्य मतदाराने आपल्या आवडत्या उमेदवारासाठी, त्याच्या लेखी परवानगीशिवाय, स्वतःच्या नावाने शंभर रुपयांची जाहिरात दिली तर तो गुन्हेगार, आणि निनावी कोटी देणारा सहा वर्षं कायदेशीर. ही उलटी गंगा आहे.

आणि महाराष्ट्राला तर २००९ ची विधानसभा निवडणूक विसरता येणार नाही. पैसे घेऊन बातमीच्या रूपात छापलेल्या मजकुराचा, 'पेड न्यूज'चा, सुळसुळाट तेव्हा देशभर गाजला. एकाच नेत्याचं गुणगान करणारा मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत शब्दशः सारखा आला, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी पुराव्यासह दाखवलं. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या खर्चाच्या हिशेबात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींसाठी अवघे ५,३७९ रुपये दाखवले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि हिशेब खरा आहे का हे तपासण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला आहे, असं २०१४ मध्ये ठरलं. पुढे आयोगाचा त्यांच्याविरुद्धचा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. त्या एका खटल्याचं काय झालं यापेक्षा मला वाचकाची फसवणूक मोठी वाटते. जाहिरात वाचताना आपण सावध असतो. बातमी विश्वासाने वाचतो. उघड जाहिरातीची वाट जितकी अवघड कराल, तितका पैसा चौकट पुसून बातमीच्या रकान्यात शिरणार.

मग नाव सगळ्यांनीच दिलं पाहिजे का? इथे माझंच म्हणणं मला थोडं आवरावं लागतं. २८ जून १९७५ रोजी, आणीबाणी लागू झाल्यावर दोनच दिवसांनी, मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त निधनवार्तांच्या रकान्यात काही ओळींची जाहिरात आली. डी. ई. एम. ओक्रसी यांचं २६ जूनला निधन झालं. त्यांच्यामागे पत्नी टी. रूथ, मुलगा एल. आय. बर्टी, भावंडं फेथ, होप आणि जस्टिशिया. इंग्रजी आद्याक्षरं जोडून वाचली की डेमोक्रसी, ट्रूथ, लिबर्टी. लोकशाही गेली आणि सत्य विधवा झालं, असा तो निरोप होता. बातम्यांवर सेन्सॉर बसला होता, संपादकांचे हात बांधलेले होते आणि निधनाच्या छोट्या जाहिरातीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. ती दिली होती अशोक महादेवन या तरुण पत्रकाराने. नाव घातलं असतं तर जाहिरातही छापली गेली नसती आणि माणूसही आत गेला असता.

म्हणून मी भेद करतो तो ताकदीवर. ज्याला नाव दिल्यावर तुरुंग, नोकरी किंवा मारहाण यांची खरी भीती आहे आणि ज्याचा पैसा काही ओळींपुरता आहे, त्याला आडोसा मिळालाच पाहिजे. पण अर्धं पान, पूर्ण पान, पहिल्या पानावरचं जॅकेट, म्हणजे पेपरला बाहेरून गुंडाळलेलं जाहिरातीचं पान, घेणारा माणूस भित्रा नसतो, तो लपलेला असतो. राजकीय पक्षांना वीस हजार रुपयांच्या वरच्या देणग्या देणाऱ्यांची नावं जाहीर करावी लागतात. जाहिरातींनाही अशीच एक रेघ आखायला काय हरकत आहे? तेवढ्या रकमेच्या वरच्या प्रत्येक राजकीय जाहिरातीखाली, वाचता येईल अशा टायपात, दोन गोष्टी हव्यात. पैसे देणाऱ्याचं कायदेशीर नाव आणि मोजलेली रक्कम. 'मित्रपरिवार', 'हितचिंतक', 'समस्त ग्रामस्थ' ही नावं बिलावर चालत नाहीत, मग पानावर का चालावीत? रक्कम छापली की वाचकाला चटकन कळेल की या मुद्द्यावर कुणी किती जीव लावलाय, किंवा कुणाचं किती अडकलंय.

सरांची गोष्ट तिथे संपली नव्हती. परत मिळालेल्या पैशांतून त्यांनी गावातल्या छापखान्यात दोन हजार हँडबिलं काढली आणि पहाटे चार वाजता एसटी स्टँडवर जाऊन बसले. तिथे पेपर टाकणारी मुलं गठ्ठे सोडून पुरवण्या घालत बसतात. दर शेकडा ठरवून त्यांनी ती हँडबिलं प्रत्येक घडीत सरकवून घेतली. त्या सकाळी आमच्याच दैनिकाच्या पोटात त्यांचा मजकूर घरोघर गेला, नाव आणि गल्लीसकट. ठराव त्या सभेत पुढे ढकलला गेला. कायमचा रद्द झाला की नाही हे मी गाव सोडल्यामुळे पाहिलं नाही.

पण प्रत्येकाने पहाटे चारला स्टँडवर जाऊन बसावं ही अपेक्षा बरोबर नाही. आमच्या रेटकार्डात, म्हणजे जाहिरातींच्या दरपत्रकात, व्यावसायिक जाहिरातीचा एक दर होता, सरकारी निविदांचा वेगळा, आणि निधनवार्ता व श्रद्धांजलीचा सवलतीचा. दुःखात असलेल्या घराकडून पूर्ण भाव घेऊ नये, इतकं शहाणपण वर्तमानपत्रांकडे पहिल्यापासून आहे. त्याच रेटकार्डात आणखी एक ओळ घालायला मराठी संपादक आणि मालकांना काही अडचण असू नये : नागरिकाचं जाहीर निवेदन, एका माणसाला वर्षातून दोनदा, श्रद्धांजलीच्या दराने, नाव आवश्यक, नाकारल्यास कारण लेखी. आणि ज्याच्या विरोधात ते असेल त्यालाही तेवढीच जागा, त्याच दराने, आठवड्याच्या आत.